देव्हाऱ्याशेजारचा डबा

१

सुलोचनाबाई चहाचा कप तोंडाला लावणार, तोच मधुकरराव दारात येऊन उभे राहिले. भावाचा चेहरा पाहिला आणि बाईंनी कप परत बशीत ठेवला.

"ताई, आचलचं साक्षगंध मोडून राह्यलं," मधुकरराव म्हणाले. "आन् मोडनारा माह्याच घरात बसून दोन वेळा जेवून राह्यला."

मधुकरराव बाईंचे चुलतभाऊ. आचल त्यांची मुलगी, आणि साक्षगंध म्हणजे तिचा ठरलेला साखरपुडा. पुलगावात त्यांचं बियाण्याचं दुकान, आणि घर शेजारच्या नाचणगावात. माणूस तापट, पण मनाचा स्वच्छ. रडायची वेळ आली की हे गृहस्थ ओरडतात. आज मात्र त्यांचा आवाज बसला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

सुलोचनाबाईंनी सारी नोकरी वर्ध्याच्या टेलिफोन ऑफिसात, तक्रारींच्या टेबलावर काढली. फोन बंद आहे म्हणून ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो स्वतःच आपटलेला असतो, आणि 'आमच्या घरात कोनीच हात लावत नाई' असं जो आधी सांगतो त्याच्याच घरात कोणीतरी लावलेला असतो, एवढं शिकून त्या निवृत्त झाल्या. कॉम्प्युटर त्यांना फारसा कळत नव्हता. पण भावकीत कानातलं हरवो की कोणाचं निनावी पत्र येवो, बोलावणं त्यांनाच यायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

मधुकररावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पुण्याला नोकरी करणाऱ्या निकेशला, म्हणजे आचलच्या होणाऱ्या नवऱ्याला, आलेला ई-मेल होता तो. 'मुलीचे मन दुसरीकडे आहे. घरचे जबरदस्ती करत आहेत. पुढे पस्तावण्यापेक्षा आताच सावध व्हा. एक हितचिंतक.'

"निकेशचे बाबा अण्णाजी, त्याईचे जावई आहेत ना हेमराजजी," मधुकरराव सांगू लागले, "हिंगणघाटले कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. त्याईनं त्याच संध्याकाळी तपासलं. म्हने, हे मुलीच्याच घरच्या नेटवरून आलं. बिचाऱ्यानं सासऱ्याले समजावलंही, का पोरीचा दोष नसंल, तिच्या घरातलं कोनी असंल. पन अण्णाजी आयकत नाईत. तुळशीच्या लग्नापर्यंत कोन ते सांगा, म्हनतात, नाई तं आमी दुसरी पोरगी पाहतो."

"आन् आचल?"

"रडून रडून डोळे सुजवले तिनं. तिले पोरगा मनातून आवडला, ताई. आपल्या घरात कोनी असं तोंडानं म्हनत नाई, पन बापाले दिसते."

"तुले कोन वाटते?"

मधुकरराव खाली फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वैभव."

स्वतःचा मुलगा. बाईंनी गार झालेला चहा तसाच ठेवला आणि पायात चपला घातल्या.

२

स्कूटरवर मागे बसून नाचणगाव येईपर्यंत बाईंनी भावाचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. म्हणणं मोठं पक्कं होतं, तीच तर पंचाईत होती.

मेल गेला त्या दिवशी सकाळीच निकेशच्या घरचे आचलच्या अंगठीचं न् चपलेचं माप घ्यायला आले होते. मेलवरची वेळ सकाळी दहाच्या सुमाराची. त्या वेळी नाचणगावात लाइन नसते. ते २००८ साल होतं आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक लोकांना पंचांगापेक्षा पाठ होतं. म्हणजे घरातला मोठा कॉम्प्युटर बंद. पण नेटचा डबा, ज्याला वैभव राउटर म्हणायचा, तो इन्व्हर्टरवर चालू असतो. फोनची तार देवघराच्या खिडकीतून आत आली, म्हणून डबा देव्हाऱ्याशेजारी बसला, आणि देवापुढचा दिवा कधी विझू नये म्हणून तिथल्या बोर्डाला इन्व्हर्टरची जोडणी होती. देवाच्या पुण्याईनं डब्यालाही अखंड वीज मिळत होती. अशा वेळी मेल पाठवायचा तर लॅपटॉपच पाहिजे, आणि घरात लॅपटॉप एकच, वैभवचा. बिनतारी नेटला पासवर्ड होता, तो फक्त बापलेकांना माहीत. शिवाय वैभव नागपूरहून परीक्षेच्या अभ्यासाला घरी आला तेव्हापासून धुसफुसत होता. आचलताईचं एमएस्सी होऊ द्या, एवढी घाई कायले करता, हे त्यानं पाहुण्यांच्या आदल्याच दिवशी बापाला तोंडावर सुनावलं होतं.

"मंग सांग, अजून काय पाह्यजे?" मधुकररावांनी स्कूटर उभी केली.

"त्याले विचारलं काय तू?"

"विचारलं ना. तोंड फिरवून निंगून गेला. तेव्हापासून आमी बोलत नाई."

अशी चौकशी झाल्यावर खून न केलेला माणूसही तोंड फिरवील, असं बाईंना वाटलं. त्या सरळ वैभवच्या खोलीत गेल्या. पोरगा पुस्तक उघडून बसला होता. पान कोणतं, ते त्याचं त्यालाही माहीत नसावं. टेबलावर जुना लॅपटॉप चालू होता आणि त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटात होती.

बाईंनी काही न बोलता वायर ओढली. लॅपटॉप लगेच काळा पडला.

"आत्या!" वैभव ओरडला. "बॅटरी मेलेली आहे त्याची. सीनियरकडून जुना घेतला. वायर काढली का बंद."

"किती दिवसांपासून?"

"घेतला तेव्हापासूनच."

दारात उभ्या मधुकररावांनी हे ऐकलं, पण हार मानतील तर ते मधुकरराव कसले. "इन्व्हर्टरवर लावला असंल."

बाई देवघरात गेल्या. बोर्डावर दिव्याचं बटण आणि एकच सॉकेट. त्यात राउटरची पिन. लॅपटॉप लावायचा तर राउटर काढायचा, आणि राउटर काढला की नेटच गेलं. तिथं दोन पिनांचा जोड लावून पाहू, म्हणून वैभवनं लावलाही, आणि दिवसाची लाइन गेल्यावर त्यावर लॅपटॉप चढवला. तो म्हातारा इन्व्हर्टर असा काही किंचाळला की मधुकररावांच्या पत्नी वच्छलाबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच धावत आल्या. क्षणात देवाचा दिवाही गेला.

मधुकररावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पोराकडे बघायचं धैर्य नाही आणि माघारही घेता येत नाही. "पन मंग पासवर्डचं काय?" ते पुटपुटले. "आमच्या नेटले कुलूप आहे. ते माहीत फक्त आमा दोघाईले."

तेव्हा वैभवनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापाकडे पाहिलं.

"कोनतं नेट, बाबा? वायफाय तं तुमीच बंद करून ठेवलं ना?"

"मी?" मधुकरराव म्हणाले. "मी कायले बंद करू?"

३

दोन माणसं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नसली की केवढी माहिती वाया जाते, याचा बाईंना तक्रारींच्या टेबलापासूनचा अनुभव होता. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि वच्छलाबाईंना चहा टाकायला सांगितलं.

वैभव घरी आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर घरच्या नेटचं नाव दिसेना. त्याला वाटलं, पोरानं अभ्यास करावा म्हणून बाबांनी बंद केलं. विचारायचं कशाला? तोही मधुकररावांचाच मुलगा. त्यानं मुकाट्यानं घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम भागवलं, कारण तो तारेनं जोडलेला होता आणि त्यावर नेट व्यवस्थित चालत होतं.

"पन दुसरं एक नेट दिसत होतं," तो म्हणाला. "बिनापासवर्डचं. नाव भलतंच, कंपनीचं असते तसं. मले वाटलं, बाजूच्या महादेवकाकाईनं घेतलं."

"वापरलं?"

"दुसऱ्याचं काऊन वापरू, आत्या?"

बाईंना पोराचा अभिमान वाटला आणि त्या तसं म्हणाल्याही. मधुकरराव मात्र ताडकन उठले. "महादेवराव! तरी म्हनलं मी!"

महादेवराव म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. भाजीपाल्याची बागायत करणारा सधन माणूस. आपल्या भाच्यासाठी त्यांनी आचलला मागणी घातली होती, आणि मधुकररावांनी नाही म्हटल्यापासून दोन्ही घरांतली ताकाची देवाणघेवाणही थांबली होती. त्यांची सून प्रेरणा हिला माहेराहून लॅपटॉप मिळालेला, हेही सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

बाई एकट्याच गेल्या. भावाला बरोबर नेणं म्हणजे विझवायला रॉकेल नेणं होतं.

प्रेरणा पालक निवडत होती. बाजूला लॅपटॉपवर गाणं लागलं होतं. बाईंनी आधी पालकाचं कौतुक केलं, मग गाण्याचं, मग सहज विचारलं, "नेट घेतलं वाटते तुमी?"

"नाई जी," प्रेरणा हसली. "फुकटचं येते ना! सरकारनं सोडलं म्हनतात गावासाठी. माहेरी सांगितलं तं त्याईले खरंच वाटेना. दसऱ्यापासून चालू आहे, काहीच लागत नाई. मी तं रोज नवीन भाजी करते त्यावर पाहून. मामंजी बोंबलतात, पन खातात."

"अन् चतुर्थीच्या दिवशी काय केलं होतं?" मेल गेला तो दिवस चतुर्थीचा होता.

"चतुर्थीले आमी घरी कुठं होतो? पहाटेच सारे केळझरले गेलतो, गणपतीले. संध्याकाळी आलो. आचलले प्रसाद मीच नेऊन देला ना." मग तिचा आवाज खाली आला. "मामंजी बोलत नाईत, पन मले आचल आवडते जी. तिचं मोडलं म्हनतात, ते खरं हाये का?"

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. परत येऊन आचलला विचारलं. हो, प्रसाद आला होता. दिवसभर बाजूच्या घराला कुलूप होतं, ते तिनं स्वतः पाहिलं होतं.

म्हणजे शेजारीही सुटले. पण प्रेरणाच्या बोलण्यातला एक शब्द बाईंच्या मनात घट्ट बसला होता.

४

"वच्छला," बाई म्हणाल्या, "दसऱ्याले या घरात काय झालं?"

"काय होनार? पूजा झाली, सोनं वाटलं, पुरनपोळी केली," वच्छलाबाई म्हणाल्या.

"दसऱ्याले नेट बंद पडलं होतं, आत्या," आचल कोपऱ्यातून म्हणाली. तिचे डोळे अजून लाल होते. "बाबा दुकानाच्या पूजेले गेलते. मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. त्या मानसानं सांगितलं तसं कॉम्प्युटरवर भरत गेली, आन् चालू झालं. मले वाटलं, झालं तं झालं."

बाई वच्छलाबाईंकडे बघत राहिल्या. वच्छलाबाईंनी पदर उगाच सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर ते भाव आले, जे बाईंनी फोन आपटणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हजारदा पाहिले होते.

"तुमी रागवसान," वच्छलाबाई म्हणाल्या.

"नाई रागवत."

"दसऱ्याले आपन सारी हत्यारं पुजतो ना, ताई. काटा पुजला, शिलाई मशीन पुजली, स्कूटर धुतली. म्हनलं, हा डबाही रात्रंदिवस राबते, देवाच्या बाजूले बसते, यालेच काऊन सोडावं? चांगला ओल्या फडक्यानं पुसला. मागच्या बाजूनं एक बारीक भोक होतं. त्यात धूळ बसली होती. तं अगरबत्तीच्या काडीनं कोरलं जरासं. निंगत नव्हती, म्हनून दाबून धरली काडी." त्या थांबल्या. "सारे दिवे गेले, आन् मंग एकदम सारे लागले. मले वाटलं, पूजा पावली."

वैभवनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तो हसायला लागला, आणि इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

"आई, ते रिसेटचं बटन आहे! ते दाबून धरलं का डबा कारखान्यातून आला तसा होते. आपलं नाव गेलं, पासवर्ड गेला, सारं कोरं. ताईनं फोनवर विचारून नेट चालू केलं, पन कुलूप लावायचं त्यानं सांगितलं नाई आन् हिनं विचारलं नाई. ते बिनापासवर्डचं नेट महादेवकाकाईचं नव्हतं. ते आपलंच होतं!"

दसऱ्यापासून शेजारची सून मधुकररावांच्या नेटवर गाणी ऐकत होती, आणि ज्याच्या घरचं ते होतं तो पोरगा तेवढा प्रामाणिकपणे उपाशी होता. वच्छलाबाईंनी डब्याची पूजा केली खरी, पण हळदकुंकवाबरोबर त्याचं दारही उघडून दिलं होतं.

मधुकरराव उठले, पोरासमोर गेले. त्यांनी त्याचं डोकं छातीशी ओढलं आणि म्हणाले, "चुकलं माह्यं, बापू. मोठं चुकलं." वैभव बाजूला झाला नाही.

पण आचल रडतच होती. "वैभव सुटला ते बरं झालं," ती म्हणाली. "पन आता तं कोनीही असू शकते. साऱ्या गावाले दार उघडं होतं. निकेशच्या बाबाले काय सांगायचं आपन?"

५

"सारं गाव नाई," बाई म्हणाल्या. "मले एक सांग वैभव. हे नेट किती दूर जाते?"

"ओसरी, अंगन, बाजूचं घर. त्याच्यापुढं नाई."

"लाइन गेलेली. म्हनजे बॅटरीवर चालनारा लॅपटॉप घेऊन मानूस इथंच पाह्यजे. महादेवरावाचं घर बंद. आन् त्या मानसाले निकेशचा मेलचा पत्ता माहीत पाह्यजे. आचल, तुले आहे माहीत?"

"हो. त्यानंच देला." आचल या दुःखातही किंचित लाजली. "पन मी कोनालेच सांगितला नाई, आत्या. आईलेही नाई."

बाईंनी तो घडी केलेला कागद पुन्हा उलगडला. "आता मले हे शिकव. मेल या घरातून गेला, हे तपासते कसं?"

वैभवनं लाइन आल्यावर मोठा कॉम्प्युटर लावला. आचलला निकेशनं तोच मेल पुढे पाठवला होता. त्याच्या पोटातली माहिती वैभवनं उघडून दाखवली. त्यात चार आकड्यांची एक ओळ होती. "हा नेटचा नंबर. तो इथं टाकला का ठिकान दाखवते." ठिकाण आलं, नागपूर.

"आन् नाचनगाव?"

"ते नाई दिसत. कंपनीचं मोठं ऑफिस तिकडं, म्हनून नागपूर. आन् हा नंबर बदलत राह्यते. कोनत्या वेळी कोनत्या घराले होता, ते फक्त कंपनीले माहीत."

"आन् कंपनी सांगन?"

वैभवनं खांदे उडवले. ते उत्तर बाईंना स्वतःलाच चांगलं ठाऊक होतं. टेबलावर असताना किती रागावलेले नवरे, किती काळजीत पडलेले बाप हात जोडून विचारायचे, रात्री आमच्या घरी फोन कोणी केला होता? पोलिसांचं पत्र आल्याशिवाय कोणाला कधी सांगितलं नव्हतं. हे नेट म्हणजे तीच तार, तेच ऑफिस, तोच कायदा.

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग वच्छलाबाईंना विचारलं, "त्या दिवशी घरात कोन कोन होतं?"

"आमीच. घरचे."

"आन् पाहुने?"

"पाहुन्याईले कायले मोजता, ताई?" वच्छलाबाईंना विचारही सहन झाला नाही. "व्याह्याच्या घरचे ते!"

"मोजू दे मले. कोन कोन आलते?"

"निकेशची आई, बहीन आन् जावई. बाया आत बसल्या. मापं घेतली, पोहे केले. जावईबापू देवाच्या पाया पडले, आन् मंग ओसरीवरच बसले, हवेशीर म्हनून. त्याईनं लॅपटॉप आनलाता ना, फोटो दाखवाले..."

वच्छलाबाईंचा हात तोंडावर गेला.

६

दुसऱ्या दिवशी मधुकरराव, वैभव आणि सुलोचनाबाई हिंगणघाटला अण्णाजींच्या बैठकीत बसले होते. भावानं तोंड उघडायचं नाही, या अटीवरच बाईंनी त्यांना आणलं होतं. अण्णाजी ताठ बसले होते. हेमराजजी तेवढ्यासाठी क्लास सोडून आले होते. गोरा, हसतमुख, बोलायला गोड माणूस. बाईंना तो पाहताक्षणी आवडला, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

"जावईबापू, तुमचे उपकार आहेत," बाई म्हणाल्या. "तुमी तपासलं म्हनून तं कळलं. मी फोन ऑफिसातली जुनी बाई. मलेही दाखवा ना, कसं शोधलं ते."

हेमराजजी खुलले. लॅपटॉप उघडून त्यांनी मेलचं पोट दाखवलं, आकडे दाखवले. आकडे टाकले. ठिकाण आलं, नागपूर.

"वा," बाई म्हणाल्या. "आन् आता नागपूरवरून आमच्या मधूच्या घरापर्यंत कसे आले तुमी?"

हेमराजजींचं बोट हवेत थांबलं. "ते... कंपनीत वळख आहे माही."

"कोनाची? त्या टेबलावर मी जन्म काढला. अजूनही साऱ्याईले वळखते. नाव सांगा, आत्ताच फोन लावते."

हेमराजजींनी पाणी मागितलं.

"हे आकडे पाहून ते घर जगात कोनालेच दिसत नाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते माहीत असनारा मानूस एकच, ज्यानं तिथं बसून मेल पाठवला. निनावी मेल तसाच सोडला असता, तं मी तुमाले जन्मात पकडलं नसतं, बापू. पन तुमाले वाटलं, मुलीच्या घरातूनच आला म्हनलं का काम पक्कं होते."

अण्णाजी जावयाकडे वळले. हेमराजजींचा चेहराच उतरला होता, आणि मग सगळं बाहेर आलं. त्यांना आपली धाकटी बहीण रक्षा हिचं निकेशशी जमवायचं होतं. निकेशसारखं स्थळ घरातल्या घरात असताना बाहेर जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं. सासऱ्यांना विचारायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी ओसरीवर बसले होते. उघडं नेट दिसलं, देवापाशी डबा लुकलुकताना आधीच पाहिला होता, आणि बुद्धी फिरली.

"मले वाटलं, दोनचार दिवस चर्चा होईन, अन् मोडन," ते म्हणाले. "त्या पोराच्या माथ्यावर येईन, असं नव्हतं वाटलं."

"मंग कोनाच्या माथ्यावर येनार होतं?" मधुकररावांच्यानं शेवटी राहवलं नाही. बाईंनी त्यांना हातानं बसवलं.

आतल्या दारात निकेशची बहीण उभी होती, सगळं ऐकून पांढरी पडलेली. "रक्षाले विचारलं होतं काय तुमी?" ती नवऱ्याला म्हणाली. "तिले तं अजून चार वर्षं लग्नच नाई पाह्यजे!"

अण्णाजी उठले. सगळ्यांना वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी मधुकररावांपुढे येऊन हात जोडले आणि म्हणाले, "साक्षगंध ठरल्या दिवशीच होईन. आन् ही गोष्ट या खोलीत राहू द्या, व्याही. माह्या पोरीचा संसार आहे."

मधुकररावांनी ते जोडलेले हात धरले. तापट माणसं माफही चटकन करतात.

७

साक्षगंध थाटात झालं. लग्न ठरलं उन्हाळ्याचं, आचलचं एमएस्सी झाल्यावर. घाई नको, हे वैभवचं म्हणणं बापानं स्वतःच व्याह्यांपुढे मांडलं.

त्याआधी एका दुपारी वैभवनं राउटर पुढ्यात घेतला. नेटला नवं नाव दिलं आणि नवा पासवर्ड लावला, जुन्या कच्च्या प्रकाराचा नव्हे, तर चांगल्या पक्क्या प्रकाराचा. नुसत्या पासवर्डनं भागत नाही, हे त्यानं बापाला समजावलं. डब्याच्या आत शिरायची एक वेगळी किल्ली असते आणि कारखान्यातून येताना ती सगळ्या डब्यांना सारखीच असते, म्हणून तीही बदलली. बाहेरून कोणी डब्यात शिरण्याची जी सोय उगाच चालू होती, तीही बंद केली. मधुकरराव बाजूला मांडी घालून बसले होते. समजत होतं थोडं, पण पोरगा बोलतोय आणि आपण ऐकतोय, यातच ते खूश होते. वच्छलाबाईंना भोक दाखवून ठेवलं. प्रेरणाचं फुकटचं नेट गेलं, तशी ती हिरमुसली. आचलनं तिला घरी बोलावलं, रोज संध्याकाळी इथंच येऊन बघत जा म्हणाली. सून रोज जाते म्हटल्यावर महादेवरावही एक दिवस वांग्यांची टोपली घेऊन आले.

लग्नाला मांडवात उकाडा मरणाचा होता. सुलोचनाबाई पंख्याची जागा धरून पहिल्या रांगेत बसल्या. आचल हिरव्या शालूत इतकी आनंदात होती की बाईंना सारखे डोळे पुसावे लागत होते. मग कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं. वैभव नवा सदरा घालून पुढे झाला. निकेशनं कान दिला, वैभवनं पिळला, बायका हसल्या, आहेराचं ताट आलं.

तोच वरपक्षाच्या रांगेतून हेमराजजी उठले. साक्षगंधापासून ते मागे मागेच राहत होते, पाहुण्यांची पंगत सांभाळत, पाणी वाटत, कोणाच्या नजरेला नजर न देता. ते मांडव ओलांडून आले, निकेशच्या पाटाशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी मान वाकवून आपला कान पुढे केला.

"माहाही पिळ, वैभव," ते हळूच म्हणाले. "चांगला जोरानं."

मांडवाला वाटलं, जावईबापूंनी गंमत केली. लोक हसले, कोणी शिट्टी मारली. ज्यांना माहीत होतं तेवढे गप्प झाले. अण्णाजींनी मान खाली घातली. वैभवनं बापाकडे पाहिलं. मधुकररावांनी मानेनंच हो म्हटलं.

वैभवनं कान धरला आणि असा पिळला की हेमराजजी खरोखर कळवळले. मग त्यानं हात देऊन त्यांना उठवलं, आणि बसायला आपल्याच शेजारी जागा करून दिली.